गावच्या पाझर तलावासाठी पुणेकरांनी वर्गणी द्यावी का, आणि द्यायची तर कोणत्या अटीवर?

कऱ्हाकाठ | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार. आमचे गाव पुरंदर तालुक्यात, कऱ्हेला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी आहे. १९७२ च्या दुष्काळात झालेला गावचा पाझर तलाव (अडवलेले पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना देणारा) गाळाने अर्ध्याहून अधिक भरला आहे आणि त्याखालचे सिमेंट बंधारे गळके झाले आहेत. येत्या उन्हाळ्यात तलावातील गाळ काढावा, बंधारे दुरुस्त करावेत आणि वरच्या डोंगरउतारावर सलग समतल चर (वाहते पाणी अडवणारे, एकाच पातळीतले आडवे खंदक) खोदावेत, असा ग्रामपंचायतीचा विचार आहे. यंत्राच्या इंधनाचा काही खर्च 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून मिळण्यासारखा आहे. उरलेल्या रकमेचा मोठा भाग हडपसर, कात्रज, धनकवडी या भागांत स्थायिक झालेल्या आम्हा गावकऱ्यांनी वर्गणीतून उभा करावा, अशी अपेक्षा आहे.

पैसे द्यायला कोणाची ना नाही. मतभेद पुढच्या गोष्टीवर आहे. आमच्यापैकी काहींचे म्हणणे असे की, साठलेले पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकासाठी वापरायचे याचा नियम ग्रामसभेने आधी करावा आणि मगच वर्गणी द्यावी, कारण आमच्या तालुक्यात बांधकामांचा तुटवडा कधीच नव्हता. गावातील मंडळींना हे मान्य नाही. जे तिथे राहत नाहीत, ज्यांच्या चुलीला त्या पाण्याची गरज नाही, त्यांनी अटी घालू नयेत असे ती म्हणतात, आणि या म्हणण्यात तथ्य नाही असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तरीही माझे मत पहिल्या बाजूला झुकते. पाणलोटाचा, म्हणजे पावसाचे पाणी जिथून वाहत येते त्या सगळ्या क्षेत्राचा, कारभार गावाने स्वतः नियम करून चालवला आणि तो टिकला, अशी उदाहरणे आपण जवळून पाहिली असतील तर कृपया सविस्तर लिहावे. न टिकलेलीही चालतील.

सदाशिव_पेठी | शनिवार, रात्री ९:३०

पुणेकराने पैसे द्यावेत आणि अट घालू नये, ही अपेक्षाच मुळात वस्तुस्थितीला धरून नाही. पुढील प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

जुना_सरपंच | शनिवार, रात्री १०:०५

कऱ्हाकाठ, तुम्ही पुरंदरचे असून उदाहरण बाहेर शोधता याचे नवल वाटले. तुमच्याच तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. ते पुण्याचे अभियंते आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात लोकांना खडी फोडताना पाहून ते या कामाकडे वळले आणि नायगावच्या देवस्थानाची सुमारे चाळीस एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी तिथे पाणलोटाची कामे केली. म्हणजे पुण्याच्या माणसाने पुरंदरच्या पाण्यात लक्ष घालण्याला पन्नास वर्षांची परंपरा आहे.

माझ्या मते त्या प्रयोगाचे खरे बळ त्याच्या नियमांत होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येनुसार द्यायचे: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क सातबाऱ्याला चिकटलेला नसे, त्यामुळे जमीन विकली तरी पाणी विकले जात नसे. भूमिहीनालाही वाटा होता. उसासारखी बारमाही तहानेची पिके वर्ज्य होती. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उभा करायचा होता. हे सर्व नियम योजना उभी राहण्याआधी मान्य करावे लागत. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पाणी शेतात आल्यानंतर ते सोडायला कोणी तयार होत नाही. ज्याची मोटर आधी बसली तो पुढे कायद्याची भाषा बोलू लागतो.

या नियमांवर उभ्या राहिलेल्या कित्येक उपसा योजना (पाणी पंपाने वर चढवणाऱ्या) पुढे बंद पडल्या. वीजबिले थकली, मोठ्या शासकीय योजनांचे पाणी येणार अशी आशा लागली, पुढच्या पिढीला पाळीचे बंधन नकोसे झाले. साळुंखे २००२ मध्ये गेले. प्रयोग फसला असे म्हणणारे आहेत, मी त्यांच्यात नाही.

हिशेबनीस | शनिवार, रात्री ११:२०

चर्चा भावनेवर जाण्याआधी थोडे आकडे मांडतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर धरू, म्हणजे शिवारात वर्षाला ४५० कोटी लिटर पाणी पडते. ऐकायला हे प्रचंड वाटते, पण बेसाल्टच्या प्रदेशात त्याचा साधारण दहावा हिस्साच आपोआप मुरतो, म्हणजे ४५ कोटी लिटर. दोन हजार लोकवस्तीला माणशी रोज ५५ लिटर दिले तर वर्षाला सुमारे चार कोटी लागतात. जनावरांचे धरून सात कोटी होतील असे समजू. शिल्लक उरते ३८ कोटी.

आता एक हेक्टर उसाला पाटाने पाणी द्यायचे तर दोन कोटी लिटर सहज जातात. दोन हेक्टर ऊस म्हणजे सगळ्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी. संपूर्ण शिल्लक उसाला दिली तरी एकोणीस हेक्टरांवर काम संपते. तीच ज्वारी-हरभऱ्याला हेक्टरी तीस लाख लिटरप्रमाणे दिली तर सव्वाशे हेक्टर भिजतात. चर, बंधारे आणि तलाव यांमुळे मुरणारा हिस्सा थोडा वाढेल, पण दुप्पट-तिप्पट होणार नाही. त्यामुळे वर्गणीदारांनी नियम मागणे म्हणजे अटी लादणे असे मला वाटत नाही. नियमाशिवाय ती वर्गणी कोणाच्या उसाला गेली हेच कळणार नाही.

ऊसवाला | शनिवार, रात्री ११:४८

ऊस हा या धाग्यावरचा ठरलेला आरोपी दिसतो. ठिबकवर ऊस जवळपास निम्म्या पाण्यात येतो, त्याचा दर आधी जाहीर होतो आणि कारखाना तो उचलून नेतो. वाटाणा बाजारात नेल्यावर काय भाव मिळेल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. हमी असलेले पीक सोडा म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या पिकाची हमी द्यावी.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ७:१५

बाजाराचा मुद्दा मान्य आहे. ठिबकबाबत मात्र अनुभव असा की, वाचलेले पाणी ओढ्याला परत जात नाही. त्याच विहिरीवर आणखी एक एकर वाढतो. उपशावर मर्यादा नसेल तर ठिबकने शेतकऱ्याची बचत होते, गावाची होत नाही.

खानदेशी_मिरची | रविवार, सकाळी ८:४०

आमच्याकडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. ती शेकडो वर्षे चालली, म्हणून 'टिकते का' या प्रश्नाला तिच्याइतके जुने उत्तर महाराष्ट्रात सापडणे कठीण. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या क्षेत्राचे तीन-चार फड पाडलेले असत. एका फडात त्या हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू किंवा ज्वारी, आणि पाणी कमी असेल तर कोणता फड पडीक ठेवायचा, हे पंच ठरवत. बहुतेकांची शेती प्रत्येक फडात थोडी थोडी असे, त्यामुळे एखादा फड कोरडा राहिला तरी तोटा वाटला जाई. पाणी देण्याचे काम शेतकऱ्याकडे नव्हतेच. पाटकरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पाणी देत जाई, जागल्या राखण करी आणि दोघांना मोबदला धान्यात मिळे.

मला यातील सर्वांत शहाणी गोष्ट कोणती वाटते? पाण्याच्या दारावर ज्याचे स्वतःचे पीक उभे नाही असा माणूस नेमणे. मोठी धरणे झाली, वरूनच पाणी अडले आणि पुष्कळ फड मोडले. ते आतून कुजून मोडले नाहीत, त्यांचे पाणी वर अडवले गेले. हा फरक 'लोकांना जमत नाही' असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावा.

साशंक | रविवार, सकाळी १०:१०

लोकांना जमत नाही असे मी म्हणत नाही, पण 'गाव' या शब्दात सगळे सामावले आहे असे समजून लिहिले जात आहे, त्याला माझा आक्षेप आहे. पाझर तलावाच्या खाली पहिल्या विहिरी कोणाच्या असतात? बहुधा ज्यांच्या आजोबांच्या शब्दावरून तलावाची जागा ठरली त्यांच्या. माथ्यावर चर खोदताना श्रमदान सगळे करतात, छायाचित्रही सगळ्यांचे निघते आणि पाणी पायथ्याच्या दहा विहिरींत उतरते. नायगावच्या नियमाने हेच ओळखले होते, म्हणून तो नियम थोर आहे आणि म्हणूनच तो फारसा पसरला नाही.

दुसरे असे की, लोकसहभागाच्या नावाखाली यंत्रांचा सहभागच अधिक झाला. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा अल्पच परिणाम दिसला, असा शेरा महालेखापरीक्षकांनी २०२० मधील अहवालात मारला आहे. ओढ्यांचे खोलीकरण म्हणजे पाणलोट विकास अशी व्याख्याच रूढ झाली आहे.

ओढ्याचा_राजा | रविवार, सकाळी १०:२५

आमच्या ओढ्याचे इतके खोलीकरण झाले की आता त्यात उतरायला रस्त्याची मागणी झाली आहे.

भूजलमित्र | रविवार, दुपारी १२:३०

साशंक यांच्या शेवटच्या मुद्द्याला तांत्रिक जोड देतो. आपल्याकडे बेसाल्टचे थर एकावर एक बसलेले आहेत. वर माती आणि मुरूम, त्याखाली झिजलेला, भेगाळ खडक आणि त्याखाली घट्ट कातळ, अशी साधारण मांडणी असते. पाणी साठते ते मधल्या भेगाळ थरात. पाझर तलावातील बारीक गाळ काढला की मुरण्याची वाट मोकळी होते, हे खरे आहे; पण ठेकेदार गाळ संपल्यावर थांबत नाही, कारण खाली मुरूम लागतो आणि मुरमाला गिऱ्हाईक असते. मुरूम उचलून कातळ उघडा पाडला की तलाव दिसायला खोल होतो आणि त्याचा पाझर मंदावतो. म्हणून गाळ किती खोलीपर्यंत काढायचा याची खूण आधी खड्डे घेऊन ठरवावी आणि ती ठरावात लिहावी.

आता नियमांविषयी. धरणाच्या पाण्याची पाळी लावणे तुलनेने सोपे आहे, कारण ते दिसते. भूजल दिसत नाही आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपली समजूत अशी की, माझ्या जमिनीखालचे पाणी माझे. एकाच थरावर चाळीस विहिरी असतात आणि प्रत्येकाला आपली विहीर स्वतंत्र वाटते. ही समजूत मोडायचा मला माहीत असलेला एकच उपाय म्हणजे मोजणी. शिवारातील पंधरा-वीस विहिरी निवडा, दर महिन्याला पाण्याची पातळी दोरीने मोजा आणि चावडीवरच्या फळ्यावर लिहा. दोन पावसाळे गेले की लोक स्वतःच म्हणू लागतात की खालच्या आळीत बोअर चालले की वरच्या विहिरी बसतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला पाऊस संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवतात आणि शेतीसाठी बोअरला तिथे बंदी आहे, हे सर्वांना माहीत आहे. त्या बंदीमागे ताळेबंद आहे, हे मात्र तिथे सहलीला जाणारे बघत नाहीत.

सासवडची_लेक | रविवार, दुपारी ३:०५

इतकी चर्चा झाली आणि पाळीचा आपला घरगुती नमुना कोणीच सांगितला नाही, याचे आश्चर्य वाटते. सामायिक विहीर! माझ्या माहेरच्या विहिरीत चुलत घराण्यांचे चार आणे, दोन आणे असे हिस्से सातबाऱ्यावर लिहिलेले आहेत आणि त्याप्रमाणे दिवसांची पाळी चालते. भांडणे होतात, कोर्टात जाऊन येतात आणि पाळी तरीही चालू राहते. पाणी वाटून घ्यायला आपल्या लोकांना कोणी शिकवायची गरज नाही. अडचण वाटणी वाढत गेल्यावर येते: चार आण्यांचा एक आणा होतो, मग ज्याच्याकडे पैसा आहे तो पाळीला कंटाळून स्वतःचे बोअर पाडतो आणि विहिरीला पाणी राहत नाही.

दुसरी सूचना कऱ्हाकाठदादांना. ठराव मुख्य ग्रामसभेत आणण्याआधी महिलांच्या ग्रामसभेत मांडा. ती सभा घेणे नियमाने आवश्यकच आहे, पण बऱ्याच ठिकाणी केवळ रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतात. मार्चनंतर हंडा कोणाच्या डोक्यावर येतो हे तिथे सांगावे लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवती नवीन उपसा नको, हा नियम पुरुषांच्या सभेत दोन तास अडतो आणि बायकांच्या सभेत पाच मिनिटांत संमत होतो.

धनगरवाडा | रविवार, सायंकाळी ६:१८

माथ्यावर चर खोदणार म्हटल्यावर पुढचे वाक्य चराईबंदी असते, म्हणून लिहितो. पाणलोटाच्या प्रत्येक यशोगाथेत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही जोडी असते. रोपे लागायला काही वर्षे चराई थांबवणे गरजेचे आहे हे मलाही समजते, पण त्याची किंमत कोण देतो याचा उल्लेख यशोगाथेत नसतो. बागायतदाराच्या दोन जर्शी गाई गोठ्यात असतात. बंदीने त्याचे काही अडत नाही. ज्याच्याकडे तीस शेळ्या आणि अर्धा एकर माळ आहे, त्याला शेळ्या विकाव्या लागतात. आमच्यासारखे मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याला परत येतात, तेव्हा गावचे गायरान आणि डोंगर हाच आधार असतो. हेच शेतकरी रानात मेंढ्या बसवायला आम्हाला आग्रहाने बोलावतात, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात आणि ग्रामसभेत मात्र आमचे मत विचारत नाहीत, कारण सभेच्या दिवशी आम्ही गावात नसतो.

वर्गणीदारांना अट घालायचीच असेल तर ही घालावी: डोंगराचे तीन-चार भाग करून एकेक भाग पाळीने बंद ठेवावा आणि बंद भागातील गवत कापून न्यायचा पहिला हक्क शेळ्या-मेंढ्यावाल्यांना द्यावा.

साशंक | रविवार, सायंकाळी ६:४०

धनगरवाडा यांचा प्रतिसाद या धाग्याचे सार्थक करणारा आहे. हरियाणातील सुखोमाजरीला नेमका हाच व्यवहार झाला होता. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरू लागला, गाळ वरच्या टेकड्यांवरून येतो असे आढळले आणि १९७० च्या दशकात तिथल्या लोकांनी चराई आवरावी म्हणून छोटे बांध बांधून पाणी दिले. जमीन असो वा नसो, प्रत्येक घराला पाण्यात वाटा मिळाला, म्हणून चराई थांबली. नुसत्या बंदीने ती थांबली नसती.

राजगडकर | रविवार, रात्री ८:५०

सुखोमाजरीचा विषय निघालाच आहे तर थोडे अवांतर करतो. मी पानशेतच्या वरच्या खोऱ्यातला. खडकवासला १८७९ चे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरून चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठते, त्यावर पुणे शहर आणि खालचा कालवा चालतो. आमच्या डोंगरावर कोसळणारा पाऊस अडवून हे पाणी जमते आणि त्याच डोंगरावरच्या काही वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो. धरणाच्या वर राहणाऱ्याने राब भाजला (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळला) की तो पर्यावरणाचा शत्रू ठरतो. त्याच उतारावर डोंगर कापून बंगल्यांची वसाहत झाली तर तो विकास ठरतो. माती मात्र दोन्हीकडून धरणातच जाते, आणि बंगल्यांच्या रस्त्यांची माती कितीतरी जास्त जाते.

चंदीगडने आपल्या तलावासाठी वरच्या गावाशी व्यवहार केला. पुण्याने आमच्याशी कधी केला? पाणीपट्टीतील पाच-दहा पैसे वरच्या पाणलोटातील ग्रामसभांना, वणवा रोखण्यासाठी आणि झरे राखण्यासाठी, द्यायला काय हरकत आहे?

सदाशिव_पेठी | रविवार, रात्री ९:०२

पाणीपट्टीतील पाच पैसे जास्त मागितल्यास पुण्यात दुसरा पानशेत प्रलय येईल, या वेळी पत्रांचा.

पाटकरी | रविवार, रात्री ९:३५

राजगडकरांचा मुद्दा स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे, त्यांनी तो जरूर काढावा. त्याला एक पुस्ती जोडतो: पुण्याने वापरून मुळा-मुठेत सोडलेले पाणी पुरंदर उपसा योजनेने उचलून कऱ्हाकाठ यांच्याच तालुक्यात येते. म्हणजे वरच्या डोंगराचे पाणी शहरात, शहराचे सांडपाणी पुरंदरात. आणि पाणलोटाच्या नकाशावर शहर कुठेच जबाबदार नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो. पिकावर बंदी घालावी की पाणी मोजून द्यावे, हा खरा निवडीचा प्रश्न आहे आणि जुना_सरपंच यांच्याशी माझा इथे मतभेद आहे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी कालव्याचा कारभार हाती घेतला. कालव्याच्या शेपटाच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांना पाणी पोहोचत नव्हते, तिथून सुरुवात झाली आणि पुढे सगळ्या लाभक्षेत्रात संस्था उभ्या राहिल्या. तिथे पाणी घनमापनाने, म्हणजे किती घनमीटर ते मोजून, मिळते. संस्थेने आपला कोटा द्राक्षाला द्यावा की गव्हाला, हा तिचा प्रश्न. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानेही हेच तत्त्व घेतले आहे. पिकावर बंदी घातली की राखणदार नेमावा लागतो आणि तंटा वाढतो. कोटा ठरवला की उधळपट्टी करणारा स्वतःच स्वतःचे पीक वाळवतो.

भूजलमित्र | रविवार, रात्री १०:१०

पाटकरी, कालव्यासाठी आपले म्हणणे पूर्ण मान्य. पण पाझर तलावाला कालवाच नसतो. दारे नाहीत, मोजपट्टी नाही. पाणी चाळीस खासगी विहिरींत उतरते आणि प्रत्येक विहिरीवर वेगळी मोटर असते. तिथे घनमापन कोण करणार? अशा ठिकाणी पीक आणि क्षेत्र हेच मोजता येण्यासारखे असते, म्हणून भूजलाच्या गावांचे नियम पिकांवर येऊन थांबतात. पुरंदरात ऊस नको म्हणताना अंजीर आणि सीताफळ यांना मोकळीक देण्यामागेही हेच व्यवहारज्ञान आहे.

एक सावधगिरीही सांगतो. प्लास्टिकचे अस्तर घातलेली मोठी शेततळी विहिरीच्या उपशाने भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले सामायिक पाणी वर आणून उन्हात खासगी करून ठेवण्याचा तो प्रकार आहे. पावसाच्या वाहत्या पाण्याने शेततळे भरा, विहिरीने भरू नका, हा नियम तुमच्या यादीत असू द्या.

हिरडा | सोमवार, सकाळी ७:५०

मी जुन्नरच्या पश्चिमेचा. माथ्याचे काम करण्याआधी माथा कोणाचा आहे हे तपासा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीशी बोलणे होईल. वनविभागाचा असेल तर परवानगीशिवाय एक चरही खोदता येणार नाही. आमच्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काचे दावे झाले, तेव्हापासून 'हे रान राखणे आमचे काम आहे' ही भाषा कागदावर आली. मात्र लोक वणवा विझवायला धावतात ते कागदासाठी धावत नाहीत. त्या रानातील बाळहिरड्यावर (हिरड्याच्या कोवळ्या, औषधी फळांवर) घरात रोख पैसा येतो, म्हणून धावतात. डोंगरापासून ज्याला काहीच मिळत नाही, त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करणे हा फुकटेपणा झाला.

कऱ्हाकाठ | सोमवार, रात्री ८:३०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक माहिती सुरुवातीला द्यायला हवी होती, ती आता देतो. गेल्या काही वर्षांत तलावाच्या खालच्या अंगाची बरीच जमीन बाहेरच्यांनी, म्हणजे खरे तर पुण्याच्याच लोकांनी, शेतघरांसाठी घेतली आहे. तिथे हिरवळीसाठी आणि पोहण्याच्या तलावासाठी खोल बोअर पाडले आहेत. गावकऱ्यांचा सवाल असा की, आम्ही उसावर, बोअरवर बंदी घ्यायची आणि तारेच्या कुंपणापलीकडे कारंजी चालायची का? नायगावच्या नियमात पाणी सातबाऱ्याला चिकटलेले नव्हते, हे जुना_सरपंच यांनी लिहिले, तेव्हा त्या नियमाचा खरा अर्थ मला उमगला. शेतघरवाल्यांना ग्रामसभेचा ठराव लागू करता येतो का, यावर कोणी प्रकाश टाकू शकेल काय?

जुना_वकील | सोमवार, रात्री ९:४५

केवळ ठरावाच्या बळावर खासगी जमिनीतील उपसा थांबवणे अवघड आहे. तो ठराव न्यायालयात टिकेलच असे नाही. तरीही हात अगदी रिकामे नाहीत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्यापासून निर्बंध आहे आणि २००९ च्या भूजल कायद्यातही तो आहे. त्याच कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना, म्हणजे साधारण दोनशे फुटांपलीकडच्या बोअरना, वेगळे धरून त्यांच्यावर बंधने घातली आहेत. तुमच्या तलावाखाली गावच्या नळयोजनेची विहीर असेल, आणि बहुधा असतेच, तर तिच्याभोवतीचे वर्तुळ तलाठ्याकडून नकाशावर आखून घ्या. त्या वर्तुळात किती शेतघरे येतात ते पाहा. तक्रार ग्रामपंचायतीने लेखी करावी, व्यक्तीने करू नये.

सासवडची_लेक | सोमवार, रात्री १०:०२

आणि त्या शेतघरवाल्यांनाही वर्गणी मागा, दादा. वर्गणीची पावती फाडली की माणूस नियम ऐकायला सभेत येतो. ती मागायला पुण्यातून तुम्हीच जा. तुमच्याच शेजारच्या सोसायटीत राहत असतील.

साशंक | सोमवार, रात्री १०:४०

अटी कोणी घालाव्यात, यावर माझे अंतिम मत नोंदवतो. सामायिक साधनसंपत्तीवर आयुष्यभर काम करून २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील टिकलेल्या व्यवस्थांचा अभ्यास केला. त्यांचा एक निष्कर्ष असा की, ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांचा नियम करण्यात हात असेल तर व्यवस्था टिकते. आणि दुसरा असा की, दंड सुरुवातीला हलका असावा आणि पुढे चढत जावा. म्हणून वर्गणीदारांनी नियम लिहून पाठवू नयेत. फक्त इतके म्हणावे की, नियम तुम्ही करा, पण तो ग्रामसभेत केल्याशिवाय पहिला हप्ता येणार नाही. दुसरे, पैसा यंत्राला देऊ नका; यंत्राला पैसा देणारे पुष्कळ भेटतात. विहिरींची पातळी मोजणाऱ्याला आणि तलावाच्या राखणदाराला पाच वर्षे मानधन द्या. त्याला कोणतीच योजना पैसे देत नाही.

ऊसवाला | मंगळवार, सकाळी ६:५५

राखणदाराच्या मानधनाची कल्पना पटली. माझीही वर्गणी धरा. मात्र माझा ऊस मोजायला त्याला पाठवू नका.

कऱ्हाकाठ | मंगळवार, रात्री ९:२०

साशंक यांची सूचना आज आमच्या कात्रजच्या बैठकीत वाचून दाखवली आणि बहुतेकांना ती पटली. गावच्या सरपंचांशीही दूरध्वनीवर बोलणे झाले. पिकांचा नियम या वर्षी कोणी स्वीकारणार नाही, असे त्यांचे स्पष्ट मत पडले. त्यामुळे पहिल्या ठरावात तीनच गोष्टी राहतील: तलावातून थेट उपसा बंद, विहिरींच्या पातळीची दरमहा नोंद, आणि डोंगर पाळीने बंद ठेवून गवताचा पहिला हक्क शेळ्या-मेंढ्यावाल्यांना. पिके आणि बोअर यांचा विषय नोंदींचे एक वर्ष हाती आल्यावर घ्यायचा आहे. राखणदाराचे मानधन पुणेकर मंडळ देईल; नेमणूक ग्रामसभा करील.

जुना_सरपंच | मंगळवार, रात्री १०:१५

चांगले झाले. ठरावाच्या शब्दांत मात्र काटेकोर राहा. 'थेट उपसा बंद' इतकेच लिहिले तर मोटर बंद होईल आणि दुसऱ्या आठवड्यात बांधावरून सायफनची नळी पडेल. म्हणून मोटर, तेलावरचे इंजिन, सायफन आणि टँकर हे चारही शब्द घाला. शिवाय तलावाच्या बुडालगत विहीर घेऊन आतून चर काढण्याची एक पद्धत आहे. तलावात नळी दिसत नाही आणि पाणी रात्रीत विहिरीत उतरते. पूररेषेपासून किती अंतरावर नवीन खोदकाम चालणार नाही, तो आकडा ठरावात हवाच. गाळ काढताना यंत्र तिथे असेलच, तेव्हा असा चर आधीच कोणी खोदला आहे का तेही पाहून घ्या.